रेणुकाची जादाची बारावी

दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल काहीतरी लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. कारकुनानं वेगळं काय लिहायचं? मी आयुष्यभर जे लिहिलं ते तीन प्रतींत लिहिलं. एक वर पाठवली, एक फाइलीला लावली आणि तिसरी उंदरांनी खाल्ली. पण मग रेणुकाचं प्रकरण आठवलं. त्यात माझी एक ढळढळीत चूक आहे आणि ती फाइलीबाहेर कुणाला ठाऊक नाही. म्हटलं, चला, ती तरी छापून येऊ दे.

बीदर जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं होते. प्रवेश आणि दाखले हे माझं टेबल. प्राचार्य आले आणि गेले, खिडकीत मी तीच. मुलांना माझं नाव ठाऊक नसायचं. सगळे अक्का म्हणायचे, मुलांचे वडीलही अक्का म्हणायचे, आणि एकदा तर तपासणीला आलेले साहेबसुद्धा गडबडीत अक्का म्हणून गेले.

ज्यांना या कामाशी कधी घेणंदेणं पडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दहावी झाली की मुलांपुढे दोन वाटा असतात. कॉलेजात जाऊन बारावी करायची, इकडे तिला पीयूसी म्हणतात, आणि मग विद्यापीठाच्या पदवीला जायचं. नाहीतर आमच्यासारख्या पॉलिटेक्निकात तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा. डिप्लोमावाल्याला नोकरी धरता येते, आणि पुढे शिकायचं असेल तर वेगळी परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात शिरता येतं. डिप्लोमा हा साधारणपणे बारावीच्या बरोबरीचा धरतात. कुठे कुणी अडवलंच तर समकक्षतेचा दाखला काढायचा. म्हणजे एक कागद दुसऱ्या कागदाएवढाच आहे असं सांगणारा तिसरा कागद. माझा पगार बराचसा या तिसऱ्या कागदावर चालायचा.

कागदांवर आमच्याकडच्या लोकांची भक्ती फार. निर्ण्याचे एक गृहस्थ मुलाची दहावीची गुणपत्रिका काचेच्या फ्रेममध्ये घालून, वर झेंडूचा हार चढवून खिडकीशी घेऊन आले होते. मला तिच्या पाठीमागे शिक्का मारायचा होता. पाठीमागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खिळे. आमचा शिपाई अर्धा तास पक्कड घेऊन खिळे उपटत होता, आणि ते गृहस्थ हार हातात धरून असे उभे होते की मलाच काहीतरी पाप केल्यासारखं वाटलं.

त्यात आमचा भाग सीमेवरचा. औरादकडच्या कितीतरी घरांत मूल मराठी शाळेसाठी उदगीरला मामाकडे राहतं आणि दहावी झाली की कर्नाटकात परत येतं. इकडे फी परवडते, कल्याण कर्नाटकाच्या, म्हणजे आमच्या या मागास भागासाठीच्या, राखीव जागा मिळतात. रेशनकार्ड इकडचं आणि मामा तिकडचा, असा हा संसार. त्यामुळे लोकांना एक सवयच लागून गेलेली असते. दोन्हीकडे दार उघडं ठेवायचं, वेळेला जे लागेल ते लागेल. ही सवय इतर ठिकाणी कधी नडत नाही. दाखल्यांत नडते.

रेणुका औरादकडच्याच चिंताकी गावची. वडील शेती करायचे, पण शाळेचं सगळं बघायचे ते तिचे मामा. व्यंकटमामा उदगीरच्या मार्केट यार्डात हमालांचे मुकादम होते. आवाज असा की खिडकीशी हळू बोलले तरी प्राचार्यांच्या केबिनमध्ये ऐकू जायचं. पोरगी दहावी उदगीरला झाली, सिव्हिलच्या डिप्लोमाला आमच्याकडे आली. तिची मूळ टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मी घेतली, तिच्या फाइलीत लावली आणि फाइल कपाटात ठेवली. इथवर सगळं शिस्तीत झालं.

पुढच्या वर्षी मामा परत आले. नेमका प्रवेशाच्या शेवटच्या तारखेचा दिवस, खिडकीवर ही झुंबड.

"अक्का, एक इचारायचं व्हतं. आमच्या पावण्यारावळ्यांत समदे म्हणायलेत, बारावी न्हाई तर कायबी न्हाई. पोरीनं डिप्लोमा करत करत बाहेरून बारावी बी काढली तर? तिकडं सतरा नंबरचा फॉर्म भरतेत न्हवं का, तसं?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे कॉलेजात न जाता परीक्षेला बसणाऱ्यांचा. खरं उत्तर अर्ध्या मिनिटाचं होतं. डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा आहे, गरज पडलीच तर दाखला काढू, एका वेळी दोन ठिकाणी नाव लावू नका. एवढंच सांगायचं होतं. पण माझ्यापुढे चाळीस माणसं होती आणि एक जण माझ्या टेबलावरच बसला होता. मी मान वर न करताच म्हणाले, "काढू द्या की मामा. कागूद जास्ती झाला म्हणून कुणी मारतंय व्हय?"

मामा खूश होऊन गेले. मीही विसरले.

आणखी दोन वर्षं गेली. रेणुका डिप्लोमाला पहिल्या वर्गात पास झाली, डिप्लोमावाल्यांच्या प्रवेश परीक्षेत चांगला नंबर आला, आणि कलबुर्गीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाची जागा तिच्या नावावर लागली. राहिली होती फक्त कागदांची पडताळणी. आमच्या पॉलिटेक्निकातून त्या वर्षी मुलींत तिचीच जागा लागलेली. आम्ही कार्यालयात चहा मागवून साजरंसुद्धा केलं होतं.

शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडलं, तर पायरीवर ती आणि मामा बसलेले. मामांचा आवाज फुटत नव्हता. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं बिनसलंय.

"काय झालं गं?"

"अक्का, अडवून ठेवलंय," असं म्हणून तिनं चिठ्ठी पुढे केली.

पडताळणीला जाताना मामांनी तिला घरातला एकूण एक कागद दिला होता. जास्त कागद म्हणजे जास्त वजन. अधिकाऱ्यांनी डिप्लोमा बघितला, बारावी बघितली आणि दोन्हीची वर्षं शेजारी शेजारी ठेवली. एकच मुलगी त्याच वर्षी कर्नाटकात वर्गात बसते आणि महाराष्ट्रात बारावीला बसते, हे कसं? शिवाय बारावीच्या फॉर्मबरोबर टीसीची दुसरी प्रत जोडलेली. चिठ्ठीत लिहिलं होतं की खुलासा शनिवारी दुपारी बाराच्या आत आणा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

"दुसरी प्रत कुठून आली, मामा?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यांनला टीसी पायजे व्हती. ती तर तुमच्यापाशी. मग हरवली म्हणून लिवून दिलं."

"कशावर लिहून दिलं?"

"बाँडावर."

मी कपाट उघडलं, फाइल काढली. हरवलेली टीसी माझ्याच हाताने लावलेल्या दोऱ्यात आरामात पडून होती. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे काही बस पासवरची खाडाखोड नव्हे.

मामांनी मग आवाज परत मिळवला. "अक्का, तुमी एवढंच लिवून द्या की मधलं एक वर्ष पोरगी कालेजात न्हवतीच. संपलं!"

"म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा दोन वर्षांत केला म्हणू? हजेरीपट जाळू का? कामून असं बोलायलाव तुमी?"

"मग सोडा तो डिप्लोमा. बारावीला चौऱ्याऐंशी टक्के हायत तिला! लातूरला बीएला घालतो. बारावी खरी हाय न्हवं? तिनं पेपर लिवलेत."

आता खरंच निवड करायची होती. एक कागद ठेवायचा तर दुसरा सोडावा लागणार होता. बारावी ठेवली तर पदवीची तीन वर्षं पहिल्यापासून आणि डिप्लोमाची तीन वर्षं पाण्यात. डिप्लोमा ठेवला तर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, पण चौऱ्याऐंशी टक्क्यांची बारावी गेली. मी रेणुकाला विचारलं. तिला कुणीच विचारलं नव्हतं.

ती हळू बोलली, पण अडखळली नाही. "अक्का, शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आमच्या गावाजवळचा नळ्यांचा पूल घेतला व्हता मी. दरसाल त्यावरनं पाणी जातंय, चार-चार दिवस शाळा बंद पडती. समदे म्हणतेत, पाऊसच लै. मी मोजून काढलं. पाऊस न्हाई अक्का, नळ्याच कमी बसवल्यात. मला त्येच करायचंय. बारावी मी मामासाठी केली."

मामांनी तिच्याकडे असं बघितलं की मीच नजर फिरवली. मग त्यांचा राग माझ्यावर निघाला, आणि तो निघणं बरोबरच होतं.

"आन् मी इचारलं व्हतं न्हवं तुमाला? ह्याच खिडकीत. कागूद जास्ती झाला म्हणून कुणी मारतंय व्हय, असं म्हणला तुमी. आता मारायलेत बघा."

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं, मी असं म्हणालेच नाही म्हणावं. साक्षीला कोण होतं? माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि पेन्शनचे कागद नुकतेच वर गेले होते. मला भीती वाटली. पण ते वाक्य माझंच होतं. सुरासकट माझं होतं. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की कागदावर खरं लिहा, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी साक्षीदार मोजत बसले, याची मला अजून लाज वाटते.

मी म्हणाले, "म्हणाले मी. माझी चूक. बसा आता, तिघंबी लिवू."

दुपारपर्यंत तीन कागद तयार झाले. रेणुकानं अर्ज लिहिला, डिप्लोमा चालू असताना मी बाहेरून बारावी दिली, तिचा कुठलाही फायदा मला नको, ती मी परत करते. अर्ज तिनं स्वतः कन्नडमध्ये लिहिला. तीन वर्षांपूर्वी ही मुलगी कन्नड पाटी बघून मला विचारायची की संडास कुठल्या बाजूला आहे. मामांनी मराठीत लिहून दिलं की टीसी हरवली नव्हती, मी खोटं लिहिलं, भाचीला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिसरा कागद माझा. त्यात तिची तीनही वर्षांची हजेरी, मूळ टीसी कार्यालयात असल्याचा दाखला, आणि शेवटी एक वाक्य, की पालकांनी चौकशी केली असता या कार्यालयाकडून चुकीचा सल्ला दिला गेला.

प्राचार्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "अक्का, सात महिने राहिलेत तुमचे. हे एवढं काढून टाका. बाकी मी सही करतो."

"सर, ते काढलं तर मग मामानं मनानंच लबाडी केली असं होतं. पोरीची जागा जाती."

त्यांनी सही केली. त्या वाक्यापायी पुढे मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली. पेन्शन जरा उशिरा सुरू झाली, पण झाली.

शनिवारी पहाटेच निघालो आणि हुमनाबादहून बस बदलून साडेदहाला कलबुर्गीच्या पडताळणी केंद्रावर पोचलो. टेबलाशी बसलेले अधिकारी वयानं माझ्यापेक्षा लहान, चेहरा दमलेला. त्यांनी रेणुकाचा अर्ज वाचला. मामांचा कागद मराठीत, तो मला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितला. एका परक्या माणसापुढे दुसऱ्या माणसाचा खोटेपणा त्याच्याच समोर वाचून दाखवायचा, हे काम मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. मामा हात बांधून उभे होते.

साहेब त्यांच्याकडे बघून आमच्या दख्खनी बोलीत म्हणाले, "कायकू झूट लिखे मामू? बच्ची का पूरा साल जाता था ना."

"गलती हुई साहब," मामा म्हणाले. त्यांचा एवढा बारीक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मग साहेबांनी माझा कागद घेतला. शेवटच्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मला कन्नडमध्ये विचारलं, "हा सल्ला कुणी दिला होता?"

"मीच दिला होता."

"आणि हे पत्र कुणी लिहिलं?"

"तेही मीच."

साहेब पत्र बाजूला ठेवून रेणुकाकडे वळले. "दोन्हीतलं एकच राहील. बारावी परत दिलीस तर आम्ही तिकडच्या बोर्डाला कळवणार, ती रद्द होणार. पुन्हा मागायला येता येणार नाही. चौऱ्याऐंशी टक्के आहेत, नीट विचार कर."

रेणुकानं मामांकडे बघितलं. बारावीची गुणपत्रिका मामांच्याच पिशवीत होती, प्लास्टिकच्या दोन आवरणांत. हे मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. त्यांनी ती बाहेर काढली, आवरणं एकेक करून सोडवली, धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि कागद टेबलावर ठेवला. तिला म्हणाले, "दे गं. तुझ्या हातानं दे." तिनं तो साहेबांकडे सरकवला.

साहेब तिन्ही कागद घेऊन आतल्या मोठ्या साहेबांकडे गेले. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. दार बंद झालं. आत बोलणं चालू होतं, शब्द कळत नव्हते. बाहेर बाकावर एक मुलगा आणि त्याचे वडील बसले होते. तो पुढच्या नंबरचा उमेदवार. रेणुकाची जागा गेली तर ती त्याला मिळणार होती. त्याचे वडील मला अदबीनं म्हणाले, "तुमचंही होऊ दे अक्का." एवढा भला माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही.

बाराला सात मिनिटं असताना दार उघडलं. साहेब खुर्चीत बसले, पॅड ओढलं, शिक्का दाबला आणि रेणुकाच्या कागदावर मारला. मग दुसरा. मग सही.

"मंजूर. मोठे साहेब म्हणाले, खुलासा तर सगळेच आणतात, पण आमची चूक झाली असं लिहून आणलेलं ऑफिस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं." मग मामांकडे बघून म्हणाले, "मामू, बच्ची को अच्छा पढ़ाए. अब बाँड नक्को."

मला आनंद झाला असं म्हणणं फार कमी झालं. मला नाचावंसं वाटलं. पायात चप्पल तुटकी होती म्हणून राहिले. त्या मुलालाही दुपारी दुसऱ्या कॉलेजात जागा लागल्याचं त्याच्या वडिलांनी मुद्दाम फोन करून कळवलं.

रेणुका पुढे विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडली आणि आज पूल बांधायच्या कामावरच आहे. त्या सगळ्याबद्दल तिनंच कधीतरी लिहावं. मला शेवटी सांगायचंय ते परतीच्या बसबद्दल.

भर दुपारची बस, खचाखच भरलेली. आम्हा दोघींचं बायकांचं फुकट तिकीट, मामांचं नेहमीचं. कंडक्टर तिकीट फाडून पुढे निघाला तर मामांनी त्याचा हात धरला. प्रवेशाचं पत्र कन्नडमध्ये होतं आणि मामांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं.

"भाऊ, जरा ह्ये वाचून दाखवा की."

कंडक्टरनं वाचलं. नाव, गाव, इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष, सिव्हिल, प्रवेश मंजूर.

"आनखी एकदा वाचा. मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं वाचलं. पुढच्या सीटवरच्या दोन बायका मागे वळून रेणुकाकडे बघायला लागल्या. ती लाजून खिडकीतून बाहेर बघत होती. तिसऱ्यांदा वाचायला कंडक्टर नाही म्हणाला, त्याला पुढची तिकिटं फाडायची होती.

मामा माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "अक्का, बारावीचे पेढे अख्ख्या यार्डात वाटलेत मी. समद्या हमालांनला तोंडपाठ हाय चौऱ्याऐंशी. आता काय सांगू?"

"सांगा, पोरगी इंजिनिअर व्हायलीय."

"तिकडं आधी बारावीच इचारतेत."

"मग खरं ते सांगा. परत दिली म्हणा."

त्यांनी मनातल्या मनात ते दोन शब्द म्हणून बघितले. ओठ हललेले मला दिसले. मग ते उठले, वरचा दांडा धरला आणि यार्डातल्या आवाजात, कुणीही काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "परत दिली!"

कंडक्टर दचकून मागे वळला. "काय परत दिलं मामा?"

"बारावी! चौऱ्याऐंशी टक्क्यांची बारावी!" सगळी बस आता त्यांच्याकडे बघत होती, आणि मामा हसत होते, डोळ्यांतनं पाणी गळत होतं. "आमच्या पोरीला ती लागलीच न्हाई!"